तपाला आवर घालणारा गुरू : डॉमनिक सावियोचे चरित्र पुन्हा वाचताना

आपल्या घराघरांत आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांत संत डॉमनिक सावियोची गोष्ट अनेक पिढ्या सांगितली जात आहे. निळसर कोट घातलेला, नजर वर लागलेला, गोरापान मुलगा. हाती एखादे फूल किंवा चिठ्ठी. या चित्राइतकीच त्याची गोष्टही ठरून गेलेली आहे. सातव्या वर्षी पहिला ख्रिस्तप्रसाद घेताना त्याने पापापेक्षा मरण बरे असा निश्चय केला, अंथरुणात खडे पसरून तो झोपला आणि पंधरा वर्षे पुरी होण्याआधीच स्वर्गवासी झाला. निश्चय, तप आणि मरण या तीन मुक्कामांत आपण एका मुलाचे आयुष्य संपवतो. ऐकणारी मुले भारावतात. काही घाबरतात. दोन-चार जण तसे करूनही पाहतात.

ही गोष्ट ज्या पुस्तकातून आली, ते पुस्तक मात्र आपल्यापैकी थोड्यांनीच वाचले असेल. डॉन बॉस्को यांनी आपल्या या विद्यार्थ्याचे चरित्र लिहिले आणि १८५९ साली ट्युरिन शहरात ‘कॅथलिक वाचन’ या त्यांच्याच छोट्या पुस्तकमालेत ते छापले गेले. डॉमनिकच्या निधनाला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्याच्याबरोबर जेवलेले, खेळलेले, भांडलेले सोबती अजून त्याच अंगणात वावरत होते. चरित्रकाराने काही वाढवून सांगितले असते, तर बाकावरचा कोणीही मुलगा उठून ‘फादर, असे झाले नव्हते’ म्हणू शकला असता. संतचरित्राच्या वाङ्मयात अशी कसोटी फार थोड्या पुस्तकांच्या वाट्याला आली आहे. आपल्याकडे महिपतींनी ‘भक्तविजय’ रचला तो त्यातील बहुतेक संतांनंतर शतके लोटल्यावर. तेथे भक्ताला देव भेटतो, संकट येते आणि चमत्काराने ते टळते. या चरित्रातही विलक्षण प्रसंग आहेत. पण त्याचे मर्म तेथे नाही. माझ्या मते, एका शिक्षकाला एक मुलगा जिवंत, निरोगी आणि आनंदी ठेवायचा होता, आणि त्या धडपडीत त्याला काय साधले नि काय साधले नाही, याचा हा वृत्तान्त आहे. तो त्या दृष्टीने वाचावा, एवढाच या लेखाचा हेतू.

पहिल्या भेटीपासूनच हे दिसू लागते. १८५४ च्या ऑक्टोबरात बेक्की या खेड्यात लोहार बापाचा हा बारा वर्षांचा मुलगा डॉन बॉस्कोंसमोर उभा राहिला. त्या भेटीतील कापड आणि शिंपी यांचे रूपक प्रसिद्ध आहे. मुलगा स्वतःला कापड म्हणवतो आणि गुरूला शिंपी. प्रवचनांतून हे रूपक आपण शेकडो वेळा ऐकले आहे. त्याला लागूनच आलेले एक वाक्य मात्र प्रवचनांतून गळून गेले. तुझी प्रकृती नाजूक दिसते, अभ्यासाचा ताण तुला सोसेल की नाही याची मला धास्ती वाटते, अशा आशयाचे काही गुरू तेव्हाच बोलून जातात. देवाने आजवर बळ दिले, पुढेही देईल, असे म्हणून मुलगा तो विषय बाजूला सारतो. पुढचे सारे नाट्य या दोन वाक्यांत बीजरूपाने आहे. गुरूची नजर प्रथम मुलाच्या देहावर जाते आणि मुलगा ती हळूच दुसरीकडे वळवतो. हा मुलगा शाळेसाठी रोज कित्येक मैल पायी चालत आलेला होता. त्याचे हडकुळे अंग त्या पायपिटीचीही साक्ष देत असणार.

वाल्दोक्कोच्या वसतिगृहात तो त्याच महिन्याच्या अखेरीस दाखल झाला. पुढच्या वर्षी पवित्र जीवनाविषयीचे एक प्रवचन ऐकून त्याच्या मनाने पेट घेतला. संत व्हायचे, आणि लवकर व्हायचे! त्याने खेळणे सोडले, तो गप्पगप्प राहू लागला, एकांत शोधू लागला. आपल्यापैकी एखादा शिक्षक अशा मुलाकडे बोट दाखवून इतरांना म्हणाला असता, ‘पाहा, याला म्हणतात भक्ती!’ डॉन बॉस्को अस्वस्थ झाले. त्यांनी त्याला बोलावले आणि सांगितले, की नेहमी प्रसन्न राहा, अभ्यास आणि प्रार्थना नेमाने कर आणि सोबत्यांबरोबर खेळायला चुकू नकोस. मुलाने संतपदाचा मार्ग विचारला आणि गुरूने मैदानाचा रस्ता दाखवला! मुलाचे मन कोमेजत आहे हे ओळखणे, तेही त्या कोमेजण्याने भक्तीचे वस्त्र पांघरलेले असताना ओळखणे, ही शिक्षकाची सर्वांत कठीण परीक्षा. या पानांवर ती परीक्षा उत्तीर्ण झालेला शिक्षक दिसतो.

यानंतर येतात तपाची प्रकरणे. इथे वाचकाने घाई करू नये. आपण मुलांना या प्रकरणांतले प्रसंग सांगतो. त्यांची रचना सांगत नाही. डॉमनिक शनिवारी केवळ भाकरी आणि पाणी घेण्याचा बेत करतो. गुरू मनाई करतात. तो अंथरुणात खडे आणि लाकडाचे तुकडे ठेवतो. कळल्यावर पुन्हा मनाई होते. मग हिवाळा येतो. ऐन जानेवारीत हा मुलगा एका पातळ पांघरुणाखाली अंगाचे मुटकुळे करून थरथरत पडलेला गुरूंना आढळतो. न्यूमोनियाने मरायचे आहे का, असे ते त्याला रागावून विचारतात. बेथलेहेमच्या गोठ्यात बाळ येशूच्या अंगावर याहून कमी होते, असे तो उत्तरतो. उत्तर सुंदर आहे, आणि नेमके म्हणूनच घातक आहे. गुरू त्या सौंदर्याला भुलत नाहीत. आपल्या स्पष्ट परवानगीवाचून कोणतेही देहदंडन करायचे नाही, असा निर्बंध ते घालतात.

प्रसंग तीन, आणि तिन्हींचा शेवट एकच: मनाई. म्हणजे या प्रकरणांचा विषय तप नाही, तपाला घातलेला आवर आहे. मग मुलगा व्याकूळ होऊन विचारतो, की प्रभू तर प्रायश्चित्त करा म्हणतो आणि तुम्ही करू देत नाही, मी काय करू? त्यावर आज्ञापालन हेच तुझे तप, असे गुरू सांगतात. ऊन, थंडी, वारा, थकवा, आजार हे जे आपणहून वाट्याला येते ते शांतपणे सोस. नव्याने काही ओढवून घेऊ नकोस. ख्रिस्ती परंपरेतील हा जुना आणि शहाणा विचार आहे. देह हे देवाचे दान आहे. ते झिजवायचे तर प्रेमापोटी झिजवावे, स्वतःच्या पराक्रमापोटी नव्हे. एका पोरसवदा मुलाशी बोलताना तो इतक्या सोप्या शब्दांत उतरवणे डॉन बॉस्कोंना साधले.

आता एक कबुली. मी स्वतः पुष्कळ वर्षे शिक्षकी केली आणि ही गोष्ट वर्गात असंख्य वेळा सांगितली; खड्यांची आणि थंडीची, मनाईची नव्हे. एका वर्षी उपवासकाळात माझ्या वर्गातला सातवीतला एक मुलगा सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी रांगेत कोसळला. पाणी शिंपडून त्याला बाकावर निजवले. चौकशीअंती कळले, की चार दिवस तो आपला डबा गुपचूप दुसऱ्याला देत होता आणि सकाळीही उपाशीच येत होता. मी त्या दिवशी वर्गात त्याचे कौतुक केले. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. ती भांडली नाही. आपला मुलगा आधीच अशक्त आहे, डॉक्टरांनी त्याला वेळेवर खायला सांगितले आहे, एवढेच तिने सांगितले आणि विचारले, की सर, त्या गोष्टीतल्या मुलाला कोणी थांबवले नाही का? माझ्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर पुस्तकात होते, आणि पुस्तक मी वाचलेले नव्हते.

आपल्या मराठी वाचकाला इथे ‘श्यामची आई’ आठवावी. पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला त्याची आई शिपटीने मारून पोहायला धाडते, हा प्रसंग कोणाच्या स्मरणात नाही? तेथे मूल देहाला भिते आणि आई त्याला देहाच्या धाडसाकडे ढकलते. वाल्दोक्कोत मूल देहाशी वैर धरते आणि गुरू त्याला देहाशी सलोखा करायला लावतो. दिशा उलट, पण जाण एकच: मुलाचे शरीर हा संस्कारांच्या बाहेरचा विषय नाही. साने गुरुजींच्या पुस्तकातले हे मर्म आपण ओळखले. डॉन बॉस्कोंच्या पुस्तकातले ओळखायचे राहून गेले.

चरित्राचा दुसरा धागा सेवेचा आहे. येथेही आपल्या कथनात बरेच सांडून गेले आहे. डॉमनिक ट्युरिनला आला त्या १८५४ च्या उन्हाळ्यात शहरात पटकीची साथ पसरली होती. डॉन बॉस्कोंच्या हाकेला ओ देऊन वसतिगृहातील चाळीसहून अधिक मुलांनी घरोघरी आणि इस्पितळांत रुग्णांची शुश्रूषा केली. त्यांच्यापैकी कोणी दगावला नाही, ही गोष्ट सलेशियन परंपरेत कृतज्ञतेने सांगितली जाते. त्या कृपेबरोबरच परंपरेने जपलेला एक तपशीलही सांगितला पाहिजे: मुलांजवळ व्हिनेगरची बाटली असे आणि रुग्णाला हात लावल्यावर हात धुण्याची त्यांना ताकीद असे. पटकीच्या जंतूविषयी सामान्य वैद्यांनाही तेव्हा काही माहीत नव्हते. तरीही मुलांना सेवेला पाठवणाऱ्याने त्यांच्या हातांची काळजी घेतली. श्रद्धा आणि सावधगिरी यांचे त्या घरात भांडण नव्हते.

डॉमनिक साथीच्या अखेरीस आला. त्याच्या सेवेचे चरित्रातील रूप निराळे आहे, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. कामिल्लो गाविओ नावाचा एक मुलगा मोठ्या आजारातून उठून नुकताच वसतिगृहात आला होता. इतर मुले खेळत असताना तो एकटाच विचारांत बुडून पाहत उभा असे. डॉमनिक त्याच्याजवळ गेला, कुठला, काय, प्रकृती कशी आहे, अशी विचारपूस केली, आणि बोलता बोलता दोघांची मैत्री जमली. आम्ही इथे आनंदी राहण्यातच पावित्र्य मानतो, असे डॉमनिक त्याला सांगतो. गुरूकडून मिळालेले औषध शिष्य दुसऱ्याला देत आहे! पुढे १८५६ च्या जूनमध्ये त्याने सोबत्यांसह निष्कलंक मरियेच्या नावाने एक मंडळ स्थापन केले. या मंडळातील मुले नव्याने आलेल्या, एकट्या पडलेल्या किंवा वाट चुकणाऱ्या सोबत्यांना आपापसांत वाटून घेत आणि गाजावाजा न करता त्यांना सांभाळत. तीन वर्षांनी, १८५९ मध्ये, डॉन बॉस्कोंनी सलेशियन संघाचा पाया घातला तेव्हा त्यात या मंडळातले तरुण होते. एका जगद्व्यापी संघाचे एक मूळ शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात, एका उदास मुलाशेजारी, सापडते.

आजच्या आपल्या शाळांतील समाजसेवेकडे या प्रकाशात पाहावे. वृद्धाश्रमाला भेट, फळवाटप, स्वच्छता मोहीम, शेवटी छायाचित्र आणि प्रमाणपत्र. यातले काहीच वाईट नाही. पण बसमधून दूरच्या आश्रमात फळे घेऊन जाणाऱ्या मुलाला आपल्याच वर्गात मधल्या सुटीत एकटा बसणारा सोबती दिसतो का, हा प्रश्न डॉमनिकचे चरित्र विचारते. अनोळखी दुःखाची सेवा एका दिवसात उरकता येते. शेजारच्या बाकावरच्या दुःखाला रोज सामोरे जावे लागते. परीक्षेच्या धास्तीने, घरातल्या तंट्याने, बापाच्या व्यसनाने मिटून गेलेले मूल शिक्षकाआधी सोबत्याला दिसते. दिसल्यावर काय करायचे, हे त्या सोबत्याला कोणी शिकवलेले असावे लागते. मंडळाचा खरा धडा तो आहे.

एवढे गुण सांगितल्यावर उणिवाही सांगितल्या पाहिजेत. नाहीतर ही समीक्षा न होता आरती व्हायची. पुस्तकाचा शेवटचा भाग मला नेहमी बेचैन करतो. मुलाची प्रकृती ढासळते, खोकला बळावतो. डॉक्टर वाल्लाउरी त्याला तपासतात आणि अभ्यास थांबवण्याचा सल्ला देतात. पण त्याच वेळी त्यांच्या तोंडी या मुलाला मोत्याची उपमा येते. हा जीव या जगाचा नाहीच, असा सूर लागतो आणि चरित्रकारही त्या सुरात सूर मिसळतो. आजाराचे वर्णन हळूहळू पुण्याच्या वर्णनात विरघळते. ज्या प्रकरणात डॉमनिक आजारी सोबत्यांची सेवा करतो, त्याच प्रकरणात तो स्वतः आजारी होऊन वसतिगृह सोडतो. सेवा करणाऱ्या त्या मुलाला आधीच विश्रांती कोणी द्यायला हवी होती, हा प्रश्न लेखक विचारत नाही. १ मार्च १८५७ रोजी डॉमनिक मोंदोनियोला आपल्या घरी गेला. तेथील वैद्याने दाह समजून चार दिवसांत दहा वेळा त्याचे रक्त काढले. मुलाने ते हसतमुखाने सोसले. ९ मार्चला तो गेला. मुलाचे ते धैर्य खरेच थक्क करणारे आहे. पण आजचा वाचक त्या धैर्याने हेलावतो आणि त्याच क्षणी त्या उपचाराने हादरतो. दोन्ही भावना प्रामाणिक आहेत. एकीसाठी दुसरी दडपू नये.

त्या काळाला न्याय द्यायचा तर हेही ध्यानात घेतले पाहिजे, की क्षयाचा जंतू सापडायला १८८२ साल उजाडावे लागले आणि रक्त काढणे हा तेव्हा प्रतिष्ठित उपचार होता. तरीही एक गोष्ट उरते. या लहानशा पुस्तकात डॉमनिकखेरीज गाविओ आणि मास्साल्या हे त्याचे दोन जिवलग मित्रही मरण पावतात. गरिबीने गजबजलेल्या त्या घरातील थंडी, अन्न आणि दाटी यांचा या मरणांशी काही संबंध होता का? चरित्रकार तिकडे वळत नाही. मुलांचे कपडे धुणारी, शिवणारी आणि त्यांना रांधून वाढणारी डॉन बॉस्कोंची आई, मार्गारिता माउली, १८५६ च्या नोव्हेंबरात वारली. मुलांच्या देहाची सर्वांत जास्त काळजी जिने वाहिली, तिला या पुस्तकात फारशी जागा नाही. संतचरित्राचा साचा आत्म्याची नोंद करतो आणि स्वयंपाकघर विसरतो, हे केवळ याच पुस्तकाचे दूषण नव्हे.

असे असले तरी लेखक या पुस्तकाशी थांबला नाही. १८७७ मध्ये त्यांनी आपल्या शिक्षणपद्धतीवर जे छोटे टिपण लिहिले, त्यात विवेक, धर्म आणि वात्सल्य या तीन खांबांबरोबर मुलांना धावण्या-उड्या मारण्याची, मनसोक्त ओरडण्याची मोकळीक मागितली आहे. व्यायाम, संगीत, नाट्य आणि सहली ही शिस्तीला, नीतीला आणि आरोग्याला पोषक साधने आहेत, असे म्हटले आहे. या टिपणामागे वीस वर्षांपूर्वीची ती जानेवारीची रात्र असेल का? निश्चित सांगता येणार नाही. पण दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचली, की एकाच माणसाचा आवाज ओळखू येतो.

डॉमनिकला १९५४ मध्ये पोप बारावे पायस यांनी संतपद दिले. हुतात्मा नसलेला इतका लहान संत २०१७ पर्यंत दुसरा नव्हता. त्या वर्षी फातिमाची फ्रान्सिस्को आणि जसिंता ही दोन भावंडे संत घोषित झाली. ७ सप्टेंबर २०२५ रोजी, पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या कार्लो आकुतिसला पोप चौदावे लिओ यांनी संतपद बहाल केले. मुलांसाठी त्याची चरित्रे लिहिली जातील. काही मराठीतही येतील. ती लिहिणाऱ्यांना या जुन्या पुस्तकातून घेण्यासारखे पुष्कळ आहे आणि टाळण्यासारखेही थोडे आहे. मुलाचे मरण सुंदर करून सांगण्याचा मोह आवरावा. त्याचे हसणे, खेळणे, खाणे, चिडणे भरभरून सांगावे. आणि त्याला ज्यांनी जपले त्यांची नावे गाळू नयेत.

आपल्या धर्मग्रामांतील आईवडिलांना आणि शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे: ही गोष्ट सांगणे सोडू नका, ती पुरी सांगा. खडे सांगितलेत तर ते काढून टाकणारा हातही सांगा. थंडीत कुडकुडणारा मुलगा सांगितलात तर त्याला रागावणारा गुरूही सांगा. माझ्या वर्गातला तो मुलगा आता मोठा झाला आहे, दोन मुलांचा बाप आहे. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात कधी भेटला, की मी त्याच्या मुलांची चौकशी करतो. गेल्या वेळी त्याच्या धाकट्याने मला डॉमनिकची गोष्ट सांगायला लावली. मी ती सांगितली, आणि या वेळी शेवट मरणाने केला नाही. गुरूने पांघरूण घालायला लावले, तिथे केला. पोराने विचारले, ‘मग तो झोपला?’ मी म्हटले, ‘हो, गाढ झोपला.’